वीज पडंल ती कुणाच्या रानात?

"वीज वरनंच येणार म्हणताय, मग ती पडणारच की वन्सं."

वहिनी अंगणात बियाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. हात चालूच होते, नजर मात्र माझ्याकडं. भाच्यानं नुकतंच मोबाईलवर काहीतरी दाखवलं होतं: अंतराळात कोसभर पसरलेलं सौर पॅनेल, तिथून जमिनीवर उतरणारा निळा झोत आणि खाली मैलभर अंथरलेली जाळी. तो कराडला डिप्लोमाला आहे. "आत्या, तिथं रात्रीसुद्धा ऊन असतं. मग बाबांना रात्रीचं पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जावं लागणार नाही," असं तो मोठ्या उमेदीनं म्हणाला. दादा काही बोलला नाही. त्या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची पाळी होती. मोटरीची थ्री फेज लाइट रात्री पावणेएकला यायची होती आणि तो पायात बूट घालूनच बाजेवर आडवा झाला होता.

आमच्या माणदेशात घरात येते ती 'लाइट'. 'वीज' म्हणजे आभाळातून पडते ती. वळवाच्या पावसात शेरडं घेऊन बाभळीखाली थांबलेला माणूस जागच्या जागी गेल्याचं इथं प्रत्येक वस्तीनं पाहिलंय. त्यामुळं वहिनीचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. आमच्या भाषेनं शेकडो वर्षं जपलेली भीती त्यात होती. मी ३१ वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं, पण त्या रात्री मला तिला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतेय आणि जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर टिपून ठेवतेय. हा लेख त्या पानांतूनच निघाला आहे.

पहिल्यांदा दादाच्या रात्रपाळीबद्दल सांगते, कारण माझ्या दृष्टीनं आरोग्याचा विचार तिथून सुरू होतो. आठवडाभर दिवसाची लाइट, आठवडाभर रात्रीची, असं चक्र आहे. कडवळाला, कांद्याला पाणी पाजायचं तर अंधारात, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात खोरं घेऊन बांधावरून फिरायचं. आमची जमीन मुरमाड, दगडाखाली फुरसं असतंच. मण्यार तर रात्रीच बाहेर पडते. आमच्या वस्तीवरच्या एका तरण्या माणसाला तीन वर्षांपूर्वी पाटाच्या कडेला दंश झाला. दात उमटल्याचं धड दिसलंसुद्धा नाही, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत पापण्या जड झाल्या होत्या. तो वाचला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंश उपेक्षित आजारांच्या यादीत घेतला तो २०१७ साली. विजेची वेळ चुकीची असली तरी माणसं मरतात, हे ज्यानं जवळून पाहिलंय त्याला रात्रंदिवस मिळणाऱ्या विजेचं स्वप्न दाखवलं की तो हसत नाही, नीट ऐकतो. मीही नीटच ऐकलं.

कल्पना जुनी आहे. पीटर ग्लेसर नावाच्या अभियंत्यानं ती १९६८ साली मांडली. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीबरोबरच फिरतो आणि आपल्याला आभाळात एकाच जागी स्थिर दिसतो. तिथं ढग नाहीत, धूळ नाही, जवळपास रात्रही नाही. फक्त मार्च आणि सप्टेंबरच्या आसपासचे काही आठवडे तो रोज थोडा वेळ पृथ्वीच्या सावलीत जातो, जास्तीत जास्त ७० मिनिटांच्या आसपास. तिथं ऊन गोळा करायचं, त्याची वीज करायची, विजेच्या मायक्रोवेव्ह लहरी करायच्या, त्या खाली पाठवायच्या आणि जमिनीवरच्या जाळीनं त्या झेलून पुन्हा वीज करायची. सगळ्यात जास्त अभ्यास झाला तो २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींचा. त्या ढगातून, पावसातून जवळपास तशाच पार होतात. पाटण तालुक्यात पाथरपुंजला आषाढात कोसळतो तसला पाऊसही त्यांना फारसा अडवणार नाही. आपल्या वायफायच्या आणि मायक्रोवेव्ह ओव्हनच्या लहरी याच पट्ट्यातल्या.

ही नुसती कागदावरची गोष्टही नाही. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन इथं दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटहून जास्त वीज अशीच हवेतून पोचवली होती. जपाननं २०१५ मध्ये लहान प्रमाणावर जमिनीवरचे प्रयोग केले. २०२३ साली कॅलटेक या अमेरिकी विद्यापीठाच्या छोट्या उपग्रहानं अंतराळातून पाठवलेला क्षीण झोत पासाडेनातल्या एका इमारतीच्या गच्चीवर टिपला गेला. आपल्याकडं डॉ. अब्दुल कलामांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका संस्थेबरोबर या कल्पनेचा जाहीर पुरस्कार केला होता. भाच्याच्या डोळ्यांतली चमक मला कळते.

आता वहिनीचा प्रश्न. ही वीज 'पडते' का?

बॅटरीचा झोत लांब गेला की पसरतो, तसाच हाही पसरतो. १९७०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेनं जो मोठा आराखडा तपासला, त्यात वरची अँटेना १ किलोमीटर व्यासाची होती. सव्वाबारा सेंटिमीटर लांबीची लहर ३६,००० किलोमीटर चालून येते तेव्हा कितीही बारीक करायचं म्हटलं तरी झोत खाली पोचेपर्यंत सुमारे १० किलोमीटर रुंद होतोच. म्हणून सगळ्यात जास्त जोर असतो त्या मधोमधसुद्धा दर चौरस मीटरला सुमारे २३० वॅट. आपल्याकडचं दुपारचं ऊन हजार वॅटच्या आसपास असतं, म्हणजे त्याच्या पाव हिश्शाहून कमी. झोत जमिनीवरून पाठवलेल्या एका खुणेच्या लहरीला धरून जाळीवर टेकलेला असतो. ती खूण तुटली की लहरींचा ताल बिघडतो आणि सगळी शक्ती आभाळभर विखुरते. झाड चिरणारी, माणूस जाळणारी वीज ती नाही. हे मी वहिनीला सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली आणि लगेच दुसरा प्रश्न केला: "मग त्या जाळीखाली मेंढरं चरतील का?"

हा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे.

ऊन कातडीवर थांबतं. मायक्रोवेव्ह आत शिरते आणि तिथं ऊब करते. ती क्षकिरणांसारखी अणूंतून इलेक्ट्रॉन उडवत नाही, डीएनएचे तुकडे करत नाही. तिचा पक्का सिद्ध झालेला परिणाम उष्णतेचा. डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळं तिथली उष्णता लवकर निघून जात नाही. जास्त मात्रेत मोतीबिंदू होतो तो त्यामुळं. पुरुषाच्या वृषणांनाही उष्णता सोसत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा घालताना ज्या मात्रेला शरीराचं तापमान वाढू लागतं तिच्या पन्नासपट खाली सामान्य माणसाची रेघ ओढली आहे. या लहरींसाठी ती रेघ येते दर चौरस मीटरला १० वॅटवर. झोताच्या मध्यावर २३०. म्हणजे जाळीच्या आत कुणी राहायचं नाही, कुणी फिरायचं नाही. जाळीच्या खाली लहरींचा बराचसा भाग अडतो, ऊन आणि पाऊस मात्र गळून खाली येतो, म्हणून तिथं पीक घेता येईल असं कागदावर मांडलेलं आहे. ते शक्यही असेल. पण खुरपणारी बाई रोज तिथं किती तास वाकलेली असेल, हे त्या कागदात लिहिलेलं मला दिसलं नाही.

मला जास्त काळजी वाटते ती कुंपणाची. त्या जुन्या आराखड्यात जाळीच्या काठावर दर चौरस मीटरला १० वॅट धरले होते. आजची आंतरराष्ट्रीय मर्यादाही बरोबर तेवढीच. पण आपल्या देशानं १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाईल टॉवरसाठी ती रेघ दहापट कडक केली, म्हणजे १ वॅट. काठापासून पुढं जोर झपाट्यानं कमी होत जातो आणि कुठंतरी १ वॅटवर येतो. हे 'कुठंतरी' म्हणजे कुणाचा गोठा, कुणाची शाळा, कुणाची विहीर? कुंपण १० वर घालायचं की १ वर, यावरून शेकडो एकरांचा आणि कितीतरी वस्त्यांचा निकाल लागतो. हा निर्णय दिल्लीतल्या किंवा दुसऱ्या देशातल्या एखाद्या टेबलावर होऊन आमच्याकडं नुसता दगड रोवायला माणूस येऊ नये, एवढं मला मनापासून वाटतं.

मोबाईल टॉवरच्या लहरींनी डोकं दुखतं म्हणून आमच्या गावात एकेकाळी बराच ओरडा झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं. पुरावा मर्यादित आहे, पण दार पूर्ण बंद करता येत नाही, असा त्याचा अर्थ. मी शाळेत तो तसाच सांगायचे, कमी नाही आणि जास्त नाही. इथं एक गोष्ट मात्र वेगळी आहे. टॉवरखाली माणसं तीस वर्षं राहिली आहेत. दहा किलोमीटर रुंदीच्या झोताच्या काठाशी पिढी जन्मून वाढलेली अशी जागा पृथ्वीवर अजून नाही, कारण तसला झोतच अजून कुठं उतरलेला नाही.

पाखरांना कुंपण कळत नाही. खटाव तालुक्यात मायणीच्या तलावावर रोहित पक्षी येतात, आणि त्यांच्यासाठी आम्ही दरसाल सहल न्यायचो. मांघरला, महाबळेश्वरच्या पायथ्याकडं, मधाचं गाव वसलंय. कास पठारावर भाद्रपदात फुलं येतात तेव्हा मधमाश्यांची घरघर चालता चालता ऐकू येते. मधमाश्यांवर याच लहरींचे प्रयोग कॅलिफोर्नियात झाले आणि १९८१ साली छापून आले. झोताच्या मध्यापेक्षा दुप्पट जोरात अर्धा तास ठेवलेल्या माश्याही नंतर उडाल्या, घर ओळखून परत आल्या. मला ते वाचून खरोखर हलकं वाटलं. पण अर्धा तास म्हणजे अख्खा हंगाम नव्हे. आणि रोहितासारखा मोठा पक्षी उडताना स्वतःच पुष्कळ उष्णता तयार करतो. चैत्रात माणची हवा ४० अंशांच्या वर गेलेली असताना त्याला आणखी ऊब दिली तर तो ती टाकणार कुठं? उष्णतेचा प्रश्न थंड देशात एक असतो, आमच्याकडं दुसरा. ऊस तोडून आलेल्या माणसाला अंगातली उष्णता दुपारी सांडायला जागा उरलेली नसते. मोजमाप करायचं तर आमच्या वैशाखात करायला हवं.

जमिनीचंही बघा. त्या जुन्या आराखड्यात जाळीसाठी धरलेला १० बाय १३ किलोमीटरचा लंबगोल अमेरिकेच्या अक्षांशासाठी होता. आपण विषुववृत्ताला जवळ, झोत जास्त सरळ येईल, त्यामुळं लंबगोल आखूड होईल. मी वहीत मांडून पाहिलं: आपल्या साडेसतरा अंशांवरसुद्धा सुमारे ८४ चौरस किलोमीटर लागतात, म्हणजे वीस हजार एकरांच्या वर. एवढी सलग सपाट जमीन साताऱ्यात कुठं? वाई-कराडच्या काळ्या रानात कुणी हात घालणार नाही. ती आमच्याकडंच बघितली जाईल, माणमध्ये, नाहीतर शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीत, जतमध्ये. कागदावर तिला 'पडीक' म्हणतील. ते गायरान असतं. धनगरांची मेंढरं त्यावर जगतात, गरिबाची शेरडं जगतात, लांडगा आणि खोकड तिथंच असतात. गवत दिसत नाही म्हणून तिथं काही नाही असं म्हणणाऱ्या माणसाला मी आषाढात एकदा घेऊन जाईन.

हे सगळं मी एवढं जीव टाकून का लिहितेय, तर माझ्या आईचं माहेर शिवसागराच्या पाण्याखाली आहे. कोयना धरण झालं, राज्यात उजेड झाला. आज कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅटच्या घरात आहे. त्या विजेवर मीही शिकले. आजी मात्र शेवटपर्यंत गावाचं नाव घेतलं की पदर तोंडाला लावायची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसायचा म्हणे. दख्खनचं पठार कठीण कातळाचं, इथं मोठा भूकंप होत नाही, असंच तेव्हाचं शास्त्र मानत होतं. पाणी साठू लागलं तसे बारीक हादरे सुरू झाले. आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे पावणेदोनशे माणसं गेली. जलाशयामुळं भूकंप होतो याचं जगभर आजही पहिलं नाव घेतात ते कोयनेचं. लोक आधीपासून म्हणत होते की पाणी आल्यापासून जमीन गुरगुरते. ते खरं निघालं.

आणि त्याच्या उलटही मी पाहिलंय. चाळकेवाडीच्या, वनकुसवड्याच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारांवर, पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पुढं २००३चा दुष्काळ आला, चारा छावण्या लागल्या, आणि गावोगाव एकच बोलणं: या पंख्यांनी ढग हाकलले. पोरं वर्गात विचारायची. मी फळ्यावर ढगांची उंची काढायची, पंख्याची उंची काढायची, मोसमी वारे अरबी समुद्रावरून कसे येतात ते दाखवायची. पंखे ढग हाकलत नाहीत, हे मी आजही ठामपणे सांगेन. पण ती समजूत पसरली कशी? सड्यावर ट्रक चढले, रस्ते कापले गेले, जमिनीचे सौदे झाले, आणि खालच्या गावात येऊन कुणी चार शब्द बोललं नाही. रिकाम्या जागेत माणूस आपलं उत्तर स्वतःच भरतो. एकदा लोक बरोबर होते, एकदा चूक. दोन्ही वेळेला त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं.

वरच्या बाजूची गोष्ट थोडक्यात सांगते, जरी ती लहान नाही. जुन्या आराखड्यातला एक उपग्रह किमान ३४,००० टनांचा होता. आपलं एलव्हीएम-३ रॉकेट एका उड्डाणात त्या दिशेला सुमारे ४ टन नेतं. भागाकार केला की एका उपग्रहाला आठ-नऊ हजार उड्डाणं. आताचे आराखडे पुष्कळ हलके, काही हजार टनांचे आहेत, तरी उड्डाणं शेकड्यांत जातात. केरोसिनवर चालणाऱ्या रॉकेटची काजळी पाऊस-ढगांच्या वर जाऊन बसते आणि तिथं तिला धुवायला पाऊस नसतो. ओझोनचा थर त्याच उंचीवर. जळून खाली येणाऱ्या उपग्रहांचा ॲल्युमिनियम तिथल्या सूक्ष्म कणांत मिसळू लागल्याचं २०२३ मध्ये मोजमापानं दाखवून दिलंय. तपासलेल्या सल्फ्युरिक आम्लाच्या कणांपैकी सुमारे १० टक्क्यांत हे धातू होते. ओझोन विरळ झाला तर त्याचा जाब कातडी आणि डोळे देणार, म्हणजे पुन्हा उन्हात राबणारी माणसंच. रात्रीचं आभाळही बदलेल. त्या जुन्या आराखड्यात असे ६० उपग्रह होते, एकेक शुक्राइतका ठळक, न हलणारा, न मावळणारा. माझी आजी कृत्तिका किती चढल्या ते बघून दळायला उठायची.

तरी मी या कल्पनेच्या विरोधात नाही, हे इथं स्पष्ट लिहिते. कोळसा जाळून वीज करताना जी राख, जी बारीक धूळ, जो पारा हवेत जातो तो कुणाच्या तरी फुप्फुसात रोज जातोय. चंद्रपूरकडच्या माणसाला विचारलं तर तो सांगेल. नव्या गोष्टीचा अपाय मोजायचा तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आजचा अपाय टाकलाच पाहिजे. फक्त त्याच पारड्यात जमिनीवरची सौर वीजही टाका. नासाच्या जानेवारी २०२४च्या अहवालात अंतराळातली सौर वीज जमिनीवरच्या पर्यायांपेक्षा १२ ते ८० पट महाग पडेल असं काढलंय, आणि आजच्या पद्धतीनं केली तर कार्बनचा बोजा जवळपास सारखाच. दादाला रात्री रानात जावं लागू नये यासाठी ३६,००० किलोमीटर जायची आजच गरज नाही. सौर कृषी वाहिनीचे पॅनेल शेजारच्या शिवारात लागले आणि तिथल्या मोटरी आता दिवसा चालतात. आमच्या फीडरची पाळी अजून आलेली नाही, इतकंच.

पण उद्या, वीस-तीस वर्षांनी, खर्च उतरला आणि कुणी आमच्या गायरानावर बोट ठेवलंच, तर मला काय हवंय ते मी रजिस्टरात लिहून ठेवलंय. जाळीचा पहिला खांब रोवण्याच्या पाच वर्षं आधीपासून प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदी सुरू व्हाव्यात: मोतीबिंदू किती, गर्भपात किती, उष्माघात किती. जनावरांच्या दवाखान्यातही तसंच. कोयनेला आधीची नोंद नव्हती म्हणून मागून भांडावं लागलं. लहरी मोजायचं यंत्र ग्रामपंचायतीत असावं आणि त्याचा आकडा चावडीवर रोज लिहिला जावा, पावसाचा लिहितात तसा. झोत बंद करायचं बटण कुणाच्या हातात आहे, त्याचं नाव गावाला माहीत असावं. ग्रामसभा होईल ती बायांना दारं धरायची, पाणी भरायची वेळ सोडून व्हावी.

या आठवड्यात पुन्हा रात्रीची पाळी आहे. मी अंगणात बसून लिहित होते तर वहिनी पाठीमागं येऊन उभी राहिली. तिला सगळं वाचून दाखवलं. शेवटच्या परिच्छेदापाशी तिनं थांबवलं.

"गाभण मेंढीचं लिव्हलंस का?"

नव्हतं लिहिलं. लिहून घेतलं. पावणेएकला डीपीवर घरघर झाली, दादा उठला, बॅटरी घेतली आणि पुढं काठी आपटत, काठी आपटत रानाकडं गेला.